कॉफी कंपनीचा समभाग : उत्पन्न-गुणोत्तराने मोल कसे करावे

आल्कमारच्या एका कॉफी व्यापाऱ्याचा मुलगा, आल्फ्रेड पीट, अमेरिकेस गेला आणि १९६६ मध्ये बर्कलीत त्याने स्वतः भाजलेल्या कॉफीचे दुकान थाटले. पुढे १९७१ मध्ये सिएटलला स्टारबक्स सुरू करणाऱ्या तिघांनी भाजणीचे धडे त्याच्याकडेच घेतले आणि आरंभी बियाही त्याच्याकडूनच विकत घेतल्या. पीटचे नाव डच भूमीवर परतले ते शेअर बाजारातून. १७५३ मध्ये योउरे गावी सुरू झालेली डाउवे एग्बर्ट्स आणि पीट्सची दुकाने एका छत्राखाली आली आणि जेडीई पीट्स या नावाने मे २०२० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या युरोनेक्स्टवर ३१.५० युरो दराने समभागांची विक्री झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या क्युरिग डॉक्टर पेपरने ही कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला, तो प्रतिसमभाग ३१.८५ युरोंचा.

पाच वर्षांत वाढ ३५ सेंटांची. मधल्या काळात वर्षाला सुमारे ७० सेंट लाभांश मिळाला, एवढाच दिलासा. आणि याच काळात तो समभाग २० युरोंच्याही खाली जाऊन आला होता. अ‍ॅम्स्टेलव्हेन वा आइंडहोव्हनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांनी ‘रोज पितो ती कॉफी’ म्हणून हा समभाग घेतला असेल, त्यांना साहजिकच प्रश्न पडेल : घेताना किंमत महाग होती की वाजवी, हे ओळखायचे कसे?

सर्वाधिक वापरले जाणारे माप म्हणजे किंमत आणि उत्पन्न यांचे गुणोत्तर, बाजाराच्या भाषेत पीई. समभागाच्या भावाला प्रतिसमभाग वार्षिक नफ्याने भागावयाचे. भाव ४० आणि नफा २ असेल तर पीई २०. म्हणजे एका युरोच्या वार्षिक नफ्यासाठी गुंतवणूकदार २० युरो मोजतो आहे. हेच उलटे केले की उत्पन्नदर मिळतो : २ भागिले ४०, अर्थात ५ टक्के. घर विकत घेताना आपण वार्षिक भाडे आणि किंमत यांचा जो हिशोब मांडतो, त्याच जातीचा हा हिशोब आहे.

अडचण भागाकारात नाही, छेदात आहे. स्टारबक्सचे उदाहरण पाहा. सप्टेंबर २०२४ अखेरच्या आर्थिक वर्षात कंपनीचा प्रतिसमभाग नफा ३.३१ डॉलर होता. पुढील वर्षी तो १.६३ डॉलरवर घसरला. दुकाने बंद करण्याचा व पुनर्रचनेचा खर्च वगळून कंपनीने जो ‘समायोजित’ नफा दाखविला, तो २.१३ डॉलर. ऑक्टोबर २०२५ अखेरीस भाव ८० ते ८५ डॉलरच्या घरात होता. हिशोबासाठी ८४ धरू. पहिल्या आकड्याने पीई २५, दुसऱ्याने जवळजवळ ५२, तिसऱ्याने ३९. भाव एकच, कंपनी एकच.

यांपैकी खरा कोणता? माझ्या मते हा प्रश्न उलट बाजूने विचारावा. ८४ डॉलरच्या भावाला पीई पुन्हा २५ वर यावयाचा असेल, तर प्रतिसमभाग नफा ३.३६ डॉलर हवा. म्हणजे नफा २०२४ च्या पातळीवर परतेल, हे बाजाराने आधीच गृहीत धरले आहे. ते पटत असेल तर भाव वाजवी. त्याहून अधिक घडेल असे वाटत असेल तरच स्वस्त. ‘समायोजित’ शब्दाबद्दल मात्र सावध असावे. एखाद्या वर्षी वगळलेला खर्च अपवाद असतो, पण दरवर्षी काही ना काही वगळले जात असेल तर तो धंद्याचा नित्याचा खर्चच समजावा.

कॉफी दुकानांच्या साखळीत दुसरा सापळा भाड्याचा. त्यामुळे विश्लेषक पीईबरोबरच आणखी एक गुणोत्तर पाहतात : कर्जासह कंपनीचे एकूण मूल्य भागिले व्याज, कर व घसारा यांपूर्वीचा नफा, म्हणजे एबिट्डा. २०१८ मध्ये कोका-कोलाने कोस्टा ३.९ अब्ज पौंडांस घेण्याचे ठरविले, ते या मापाने १६.४ पट होते. पण २०१९ पासून युरोपात लागू झालेल्या लेखामानकानुसार दुकानभाडे घसारा आणि व्याज यांत विभागले जाते, त्यामुळे एबिट्डा फुगतो. अमेरिकी पद्धतीत नेहमीचे भाडे खर्चातच राहते. समजा, भाडे वजा जाता १५ युरो उरतात आणि भाडे १० युरो आहे. मूल्य २०० असेल तर अमेरिकी हिशोबाने ते १३ पट, युरोपीय हिशोबाने २५ ने भागल्यामुळे ८ पट. युरोपीय कंपनी ‘स्वस्त’ दिसते ती अशी! भाडेपट्ट्याचे देणे कर्जात मिळविल्याखेरीज ही तुलना करू नये, आणि कोस्टाचा जुना आकडा आजच्या आकड्यांशेजारी ठेवू नये.

बियांचा भाव हा तिसरा मुद्दा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. दुकानातल्या कपात बियांचा वाटा लहान असतो. दूध, पगार आणि भाडे मोठे. पाकिटे विकणाऱ्या कंपनीला मात्र ही वाढ थेट झोंबते. त्याच सुमारास आल्बर्ट हाइनच्या फडताळांवरून डाउवे एग्बर्ट्सची पाकिटे काही काळ दिसेनाशी झाली होती, त्यामागे किमतीचाच वाद होता. जेडीई पीट्सचा बहुतांश व्यवसाय पाकिटांचा असल्याने तिचा पीई स्टारबक्सच्या पीईशी ताडणे फारसे उपयोगाचे नाही.

आणि नफाच नसेल तर? आपल्याकडील कॅफे कॉफी डेची कंपनी ऑक्टोबर २०१५ मध्ये ३२८ रुपये दराने बाजारात आली, तेव्हा ती तोट्यात होती. तोट्याला पीई नसतो. शिवाय तिच्या पोटात माइंडट्रीचे समभाग, मालवाहतूक आणि जमीनजुमलाही होता. कॉफीचे मोल वेगळे काढणेच कठीण होते. अशा वेळी प्रत्येक व्यवसायाचे मूल्य स्वतंत्र मांडून त्यातून कर्ज वजा करावे लागते.

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांसाठी उत्पन्नदराला करामुळे अधिकच महत्त्व येते. ‘बॉक्स ३’ नुसार २०२५ साठी समभागांवर ५.८८ टक्के परतावा गृहीत धरला जातो आणि त्यावर ३६ टक्के कर लागतो. म्हणजे प्रतिव्यक्ती ५७,६८४ युरोंच्या सवलतीवरील रकमेवर वर्षाला सुमारे २.१ टक्के. पीई ४० असलेल्या समभागाचा उत्पन्नदर २.५ टक्के असतो. कंपनी वर्षभरात कमावते ते जवळपास सगळे करातच जाते, आणि उरतो तो भाववाढीचा भरवसा. प्रत्यक्ष परतावा कमी असल्याचे सिद्ध करण्याची मुभा आता आहे. मात्र त्यात न विकलेल्या समभागांची भाववाढही मोजली जाते. ३० टक्के सवलतीच्या जोरावर ज्यांना आजवर बॉक्स ३ मधून सूट होती, त्यांची ही सूट २०२५ पासून रद्द झाली असून जुन्या लाभार्थींना २०२६ अखेरपर्यंतच मुदत आहे. त्यांच्यासाठी १ जानेवारी २०२७ रोजी खात्यात असलेला प्रत्येक समभाग, अ‍ॅमस्टरडॅमचा असो वा मुंबईचा, हिशोबात धरला जाईल.