हळदीचं पेटंट शोधताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एका सादरीकरणात मी अमेरिकन पेटंट क्र. ५४०१५०४ मोठ्या ऐटीत दाखवलं. विषय होता जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. गूगल पेटंट्सवर सापडलं, पीडीएफ उतरवली, पहिलं पान स्लाइडवर चिकटवलं. गाइडनी एवढंच विचारलं, “याचं पुढे काय झालं?” माझी बोलती बंद.

डिसेंबर १९९३ मध्ये अर्ज, २८ मार्च १९९५ ला मंजुरी. हक्क मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरकडे. आता बोट कापलं की हळद दाबायची, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत. मग तिथल्या तपासनिसाला कसं कळलं नाही? मलाही आधी हा निव्वळ निष्काळजीपणा वाटला होता. पण खरी गोम कायद्यात होती. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार एखादी गोष्ट अमेरिकेत नुसती वापरात असली तरी ती ‘आधीच माहीत’ धरली जायची. परदेशातला वापर मात्र चालत नसे. तिथलं पेटंट तरी हवं, नाहीतर छापील मजकूर हवा. म्हणजे आजीचा बटवा पुरावाच नाही! (हा भेद पुढे २०११ च्या कायद्याने काढला, तो लागू झाला मार्च २०१३ पासून.)

म्हणून १९९६ मध्ये सीएसआयआरने फेरतपासणी मागितली, तेव्हा शोध सुरू झाला तो कागदांचा. महासंचालक होते मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. ३२ संदर्भ जमवले गेले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. तेव्हा एस्पेसनेट नव्हतं (ते १९९८ चं), गूगल पेटंट्स तर २००६ मध्ये आलं. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने दावे नाकारले आणि २१ एप्रिल १९९८ च्या प्रमाणपत्राने सहाच्या सहा दावे रद्द झाले.

माझी चूक इथेच झाली होती. रद्द झालेलं पेटंट डेटाबेसमधून पुसलं जात नाही. मूळ पान जसंच्या तसं दिसतं, ‘ए’ या अक्षरासह. रद्द केल्याचं प्रमाणपत्र वेगळा दस्तऐवज असतो, त्याच क्रमांकापुढे ‘बी१’ लावलेला. त्यातही एक गंमत आहे: २००१ पासून अमेरिकन पेटंटांवर ‘बी१’ म्हणजे साधी मंजुरी, फेरतपासणीला ‘सी१’. त्यामुळे अक्षर बघताना साल बघाच. गूगलवर दिसणारी ‘स्थिती’ हा फक्त अंदाज आहे, हे ते स्वतःच लिहितात. एस्पेसनेटवर कायदेशीर घडामोडींचा भाग उघडून बघा, आणि गरज पडली तर संबंधित कार्यालयाची नोंद.

शोधशब्दांचंही तसंच. नुसतं ‘टर्मरिक’ टाकून थांबू नका. ‘कर्क्युमा लाँगा’ टाका, ‘हरिद्रा’ टाका आणि वर्गक्रमांकाने शोधा. हळदीच्या प्रजातीला आज स्वतःचा वर्ग आहे, ए६१के ३६/९०६६. वनस्पतींसाठी ए६१के ३६ ही सविस्तर विभागणी २००६ मध्ये आली. त्याआधी औषधी वनस्पतींचा मोठा ढीग एकाच खणात असायचा. जुनं शोधताना तो खण, ए६१के ३५/७८, उपसावाच लागतो.

या लढाईनंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी (टीकेडीएल) सुरू झाली. जुन्या ग्रंथांतली माहिती पेटंट तपासनिसांना वाचता येईल अशा भाषांत आणि त्यांच्या वर्गीकरणाला जोडून मांडायची, ही कल्पना. पण ती प्रामुख्याने पेटंट कार्यालयांसाठी आहे. तुम्हा-आम्हाला सगळं उघडून बघता येत नाही, हे मला अजून खटकतं.

माझ्या वहीत आता प्रत्येक पेटंटपुढे दोन तारखा असतात. एक मंजुरीची, दुसरी मी स्थिती तपासली त्या दिवसाची.