हिस्टामीनच्या नाशाचा शोध

ॲलर्जीच्या विकारात मुक्त होणारे हिस्टामीन शरीरात नष्ट कसे होते, या प्रश्नाला १९२९ मध्ये बेस्ट यांच्या प्रयोगाने दिशा मिळाली. फुप्फुसाच्या ऊतकाचे स्वविघटन होत असता त्यातील हिस्टामीन नाहीसे होते, असे त्यांना आढळले. १९३० मध्ये बेस्ट व मॅकहेन्री यांनी त्यास कारण असलेल्या एंझाइमास ‘हिस्टामिनेज’ हे नाव दिले. हेच एंझाइम औषध म्हणून देण्याचे प्रयोगही झाले. परंतु ते निराशाजनक ठरले. पुढे १९५९ मध्ये ब्राउन, टॉमचिक व ॲक्सेलरॉड यांनी हिस्टामीनला मिथिल गट जोडून ते निष्क्रिय करणारे दुसरे एंझाइम वर्णिले. तात्पर्य, शरीराचा एक मार्ग उमगला म्हणजे रोगावरील उपाय सापडला, असे होत नाही.