कर्ण आणि द्रौपदी : वाचकांनी जमवलेली जोडी

ग्रंथकाराने एकत्र न आणलेली दोन पात्रे वाचकांनी वा प्रेक्षकांनी मनोमन एकत्र आणावीत, ही प्रवृत्ती अलीकडची समजली जाते. दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिला ‘शिपिंग’ असे इंग्रजी नावही मिळाले. नाव नवे असले तरी प्रवृत्ती जुनी आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये कॉर्डेलिया आणि एडगर परस्परांशी एक शब्दही बोलत नाहीत, तरीही नेअम टेट याने १६८१ साली केलेल्या रूपांतरात ती प्रेमिक झाली आणि अखेरीस त्यांचे मीलनही झाले. १८३८ मध्ये मॅक्रेडीने मूळ संहिता रंगभूमीवर परत आणीपर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे वर्षे, इंग्रज प्रेक्षकांनी ही जोडी स्वीकारली होती. भारतीय साहित्यात या प्रवृत्तीचे याहून दीर्घ आणि अधिक गुंतागुंतीचे उदाहरण म्हणजे कर्ण आणि द्रौपदी यांची जोडी होय.

या जोडीला महाभारतात आधार किती, हे प्रथम पाहिले पाहिजे. सूतपुत्राला वरणार नाही असे सांगून द्रौपदीने भर स्वयंवरात कर्णाला नाकारले, हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीत, वि. स. सुकथनकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या (१९३३) मुख्य संहितेत, हा प्रसंग नाही. तो तळटीपेत गेला आहे. संहितेनुसार जे राजे धनुष्य वाकवू शकले नाहीत त्यांतच कर्णाची गणना होते. म्हणजे या प्रेमकथेचा जो आरंभबिंदू मानला जातो, तोच उत्तरकालीन आहे. उलट संहितेत निःसंशयपणे असलेला एक प्रसंग फारसा आठवला जात नाही. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि पांडवपक्षाला येण्यासाठी जी प्रलोभने दाखवतो, त्यांत राज्याबरोबर द्रौपदीही आहे. सहाव्या काळी तीही तुझ्याकडे येईल, असे तो म्हणतो. कर्ण नकार देतो आणि हे रहस्य युधिष्ठिराला कळू न देण्याची विनंती करतो. या संभाषणात द्रौपदी वाटणीला येते, पण तिला कोणी विचारत नाही. पाच भावांची पत्नी होतानाही तिच्या इच्छेची पृच्छा झाली नव्हती. व्यासांनी न विचारलेला हा प्रश्न पुढील श्रोत्यांनी विचारला, आणि तिच्या वतीने उत्तरही त्यांनीच दिले.

हे उत्तर लोकाख्यानांत फळाच्या रूपकातून येते. वनवासात एका ऋषीसाठी राखलेले फळ पांडवांकडून तोडले जाते. प्रत्येकाने मनातले सत्य सांगितले तरच ते देठाला पुन्हा जुळणार असते. द्रौपदी काही हातचे राखून बोलते तोवर फळ जुळत नाही. अखेर तिला कबूल करावे लागते की पाच पती असूनही मन आणखी एका पुरुषाकडे धावते. तमिळमध्ये विल्लिपुत्तूरार यांच्या भारतात हे फळ आवळ्याचे आहे, बंगालीत काशीराम दासांच्या महाभारतात ते अकाली आलेल्या आंब्याचे आहे, आणि मराठी लोकपरंपरेत ते जांभूळ आहे. शाहीर विठ्ठल उमप यांच्या सादरीकरणाने नागर रसिकांपर्यंत पोहोचलेल्या ‘जांभूळ आख्यान’मध्ये तो सहावा पुरुष कर्ण आहे, हे उघडपणे सांगितले जाते. एकाच कथाबीजाने इतक्या दूरच्या भाषांत मूळ धरावे, यावरून श्रोत्यांची त्यामागची गरज किती खोल होती याची कल्पना येते.

मात्र आख्यानातील ही इच्छा म्हणजे द्रौपदीचा गौरव नव्हे. तेथे ती एक उणीव आहे. पतिव्रतेचा अभिमान उतरवण्यासाठी सर्वांसमक्ष वदवून घेतलेला कबुलीजबाब आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच जोडीचा अर्थ पालटला. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) कर्णाला मराठी वाचकाच्या सहानुभूतीचे केंद्र केले. प्रतिभा राय यांच्या ‘याज्ञसेनी’ या ओडिया कादंबरीत (१९८४) द्रौपदी स्वतः बोलते आणि कर्णाविषयीची व्यथाही लपवीत नाही. चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांच्या ‘द पॅलेस ऑफ इल्यूजन्स’ या इंग्रजी कादंबरीत (२००८) तर हे प्रेम कथेचे मुख्य सूत्रच आहे. आख्यानात जे पाप म्हणून कबूल करावे लागले, ते कादंबरीत हक्क म्हणून सांगितले गेले. जोडी तीच राहिली; ती जमवणारा समाज बदलला.

तथापि या जोडीची एक किंमत आहे आणि ती द्रौपदीलाच मोजावी लागते. द्यूतसभेत तिला कुलटा म्हणणारा, पांडवांची आणि तिची वस्त्रे हिरावून घ्या असे दुःशासनाला सांगणारा पुरुष कर्णच आहे. पुढे कृष्णापाशी तो आपल्या कठोर शब्दांबद्दल पश्चात्ताप व्यक्त करतो. परंतु तेथे उल्लेख पांडवांना उद्देशून बोललेल्या शब्दांचा आहे, द्रौपदीचा नाही. प्रेमकथा उभारणाऱ्याला ही सभा एक तर विसरावी लागते, किंवा दुखावलेल्या प्रेमाचा उद्रेक म्हणून तिचे समर्थन करावे लागते. दुसरा मार्ग अधिक घातक होय. कारण त्यात अपमान हाच प्रेमाचा पुरावा ठरतो.

ज्या वर्षी ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली, त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ हा ग्रंथ आला. त्यांनीही द्रौपदीची एक जोडी जमवली. पण ती भीमाशी. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी कोसळते, तेव्हा तिने अर्जुनावर अधिक प्रेम केले हा तिचा दोष युधिष्ठिर सांगतो, आणि मूळ कथा पुढे सरकते. कर्वे मात्र मरणोन्मुख द्रौपदीपाशी थांबतात आणि आयुष्यभर तिच्यासाठी धावून आलेला पुरुष कोण होता, याची जाणीव तिला भीमाजवळ व्यक्त करू देतात. हा भाग व्यासांचा नसून आपला आहे, हेही त्या स्पष्ट करतात. महत्त्वाचे असे की ही कल्पना सभापर्व विसरून केलेली नाही. त्या सभेत द्रौपदीसाठी संतापाने पेटून उठलेला पती भीमच होता, या स्मरणातून ती आली आहे.

यावरून वाचकांनी जमवलेल्या जोडीकडे पाहण्याची एक कसोटी हाती येते. अशी जोडी संहितेत नाही, एवढ्यावरून ती निरर्थक ठरत नाही. संहितेने कोणाला बोलू दिले नाही, हे तीच दाखवून देते. त्या अर्थाने ती समीक्षाच असते. परंतु प्रत्येक समीक्षेप्रमाणे तिनेही संहितेतले काय स्मरले आणि काय विसरले, याचा हिशेब द्यावा लागतो. कर्णाशी जमवलेल्या जोडीने द्रौपदीला इच्छा दिली आणि तिचा अपमान पुसला. भीमाशी जमवलेल्या जोडीने तो अपमान लक्षात ठेवूनच तिला इच्छा दिली. पहिली जोडी अधिक लोकप्रिय झाली. न्यायाची मात्र दुसरीच होय.