म्युन्स्टरलिंगेनची गोळी

स्वित्झर्लंडच्या ईशान्य सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवराच्या दक्षिण तीरावर, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर, क्रॉयझलिंगेन आणि म्युन्स्टरलिंगेन अशी दोन गावे आहेत. पहिल्या गावी लुडविग बिन्सवांगर यांचे ‘बेलव्ह्यू’ हे धनिकांचे आरोग्यधाम होते. फ्रॉइडचा स्नेही असलेला हा वैद्य रुग्णाला काळ कसा भासतो, जग कसे दिसते याची कैफियत अपार सहनशीलतेने ऐकून घेई आणि त्या श्रवणातूनच उपचाराची वाट शोधी. दुसऱ्या गावी प्रांतिक सरकारचे, सामान्य जनांसाठी चालविलेले मनोरुग्णालय होते. विषण्णतेवर गोळी घ्यावी की संभाषणाने, व्यायामाने आणि दिनचर्येच्या नियमनाने मन सावरावे, हा वाद आज दोन वैरी पक्षांच्या आवेशाने खेळला जातो. परंतु विषण्णतेवरील पहिली प्रख्यात गोळी ज्याच्या हातून प्रकट झाली, तो म्युन्स्टरलिंगेनचा डॉ. रोलांड कून हा बिन्सवांगरच्याच विचारपरंपरेत वाढलेला होता, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी विसरू नये असे मला वाटते.

बाझल येथील गायगी कंपनीने १९५०नंतरच्या वर्षांत कूनकडे एक रसायन परीक्षेसाठी पाठविले. त्याला नाव नव्हते, केवळ ‘जी २२३५५’ हा क्रमांक होता. छिन्नमनस्कतेवर ते उपयोगी पडेल ही अपेक्षा फोल ठरली, कित्येक रुग्ण तर अधिकच प्रक्षुब्ध झाले. तेव्हा १८ जानेवारी १९५६ रोजी कूनने ते एका विषण्ण स्त्रीला देण्यास आरंभ केला, आणि आठवडाभरातच तिच्यात झालेला पालट रुग्णालयातील सर्वांच्या ध्यानी आला. या वैद्यापाशी गुणांकनाचे तक्ते नव्हते. सकाळी दाटून येणारे जडत्व, आनंदाला पारखे झालेले चित्त, निर्णय घेण्याची खुंटलेली शक्ती यांची बारकाईने विचारपूस करून त्याने ठरविले, की हे औषध प्रत्येक दुःखावरचे नसून एका विशिष्ट प्रकारच्या विषण्णतेवरचे आहे. ऐकण्याची ती सवय नसती तर हे रसायन निकामी म्हणून दप्तरदाखल झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. सप्टेंबर १९५७मध्ये झुरिच येथील जागतिक परिषदेत त्याने सुमारे चाळीस रुग्णांचा वृत्तांत वाचला, तेव्हा श्रोते जेमतेम डझनभर होते. इमिप्रामाइन या नावाने ते औषध पुढे जगभर गेले.

याच सुमारास अन्य दिशांनीही वाटा येऊन मिळत होत्या, आणि त्यांपैकी एक आपल्या मुंबईतून निघाली होती. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकातून सप्रमाण मांडला; १९५२मध्ये बाझलच्या रसायनज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांना गाढ खिन्नता ग्रासू लागली. उलट, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील क्षयरुग्णालयात इप्रोनायझिड घेणारे रुग्ण १९५२मध्ये अनपेक्षितपणे उल्हसित झालेले दिसले. या परस्परविरोधी अनुभवांतून, मेंदूतील काही द्रव्यांच्या न्यूनतेने विषण्णता येते असा सिद्धान्त १९६५च्या आसपास मांडला गेला. तो अद्याप अनुमानाच्या पायरीवरच आहे. दवाखान्यांत तो सिद्ध सत्य म्हणून सांगितला गेला, याचा मला खेद वाटतो. इप्रोनायझिड तर यकृताला अपाय करते असे आढळल्याने अमेरिकेत १९६१ साली मागे घ्यावे लागले.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने सुमारे अडीचशे रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष १९६५ साली प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांअखेर विद्युत्-उपचाराने सुमारे ७० टक्के, इमिप्रामाइनने निम्म्याहून किंचित अधिक आणि निर्द्रव्य गोळीनेही एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण सुधारले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने १९८९मध्ये आपल्या पाहणीत इमिप्रामाइनला दोन प्रकारच्या संभाषण-उपचारांशेजारी उभे केले, तेव्हा सौम्य विषण्णतेत फारसा भेद आढळला नाही. तीव्र विषण्णतेत मात्र औषधाचा वरचष्मा दिसला. दहा वर्षांनी ड्यूक विद्यापीठाने १५६ प्रौढांवर केलेल्या प्रयोगात नियमित व्यायामाने सोळा आठवड्यांअंती औषधाइतकाच उतार पडला, जरी औषधाचा गुण आधी दिसू लागला. हे सर्व निकाल ज्याला शांतपणे वाचता येतील, त्याला एका पक्षाचा झेंडा हाती घेणे कठीण जाईल.

कूनच्या कीर्तीला एक डागही आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही. म्युन्स्टरलिंगेनच्या दप्तराचा धांडोळा घेऊन इतिहासकारांनी २०१९ साली दाखवून दिले, की तेथे कित्येक वर्षे अनेक अप्रमाणित रसायने असंख्य रुग्णांवर, बहुतांशी त्यांच्या संमतीविना, आजमावली गेली. रुग्णाचे इतके मन लावून ऐकणाऱ्या वैद्याने त्याची संमती घेऊ नये, हा अन्याय होता.

ज्या वाचकाच्या घरी अशी गोळी चालू असेल, त्याने ती एकाएकी बंद करू नये. आणि वैद्याला, रुग्णाचे ऐकायला तुमच्यापाशी किती वेळ आहे, हे अवश्य विचारावे.