२४०० बिटमध्ये आवाज: काय ठेवायचं, काय टाकायचं?

टेलिफोनचा आवाज डिजिटल करायची सरळ रीत म्हणजे सेकंदाला ८००० सॅम्पल, प्रत्येकी ८ बिट. झाले ६४,००० बिट. हाच आवाज २४०० बिटमध्ये बसवायचा तर नुसती काटकसर पुरत नाही, सॅम्पल पाठवणंच सोडावं लागतं.

बेल लॅब्जच्या होमर डडली यांनी १९३० च्या दशकात हेच केलं. जीभ, ओठ, जबडा ध्वनिलहरींच्या मानाने फार हळू हलतात. मग लहर न पाठवता तिचं वर्णन पाठवा आणि पलीकडे आवाज नव्याने घडवा. हा व्होकोडर. १९४३ मध्ये वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात गुप्त संभाषणासाठी सुरू झालेली ‘सिगसॅली’ यावरच चालायची. वजन ५० टनांच्या वर!

१९६० च्या दशकात जपानमध्ये इटाकुरा आणि सैतो, तर बेल लॅब्जमध्ये बिष्णू अटल आणि श्रोडर यांनी स्वतंत्रपणे नवी वाट काढली: मागच्या काही सॅम्पलवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा. या अंदाजाचे गुणक मुखविवराचा आकार सांगतात. पुढे आलेल्या ‘एलपीसी-१०’ मध्ये असे १० गुणक होते. २२.५ मिलिसेकंदांची एक फ्रेम, तिला ५४ बिट. भागाकार करून बघा, बरोबर २४०० येतात.

पण आवाज यंत्रासारखा यायचा. का? कारण हे मॉडेल प्रत्येक तुकड्याला एकच विचारतं: घोष की अघोष? घोष असेल तर ठोक्यांची माळ, अघोष असेल तर नुसता खरखराट. आता ‘झाड’मधला झ म्हणा. गळ्यावर बोट ठेवलं तर कंप जाणवतो, आणि हवा घासल्याचा आवाजही येतो. दोन्ही एकदम! याला कुठल्या खान्यात टाकणार?

१९८५ मध्ये श्रोडर आणि अटल यांनी ‘सेल्प’मध्ये हा प्रश्नच काढून टाकला. उत्तेजनांचा एक संग्रह ठेवायचा, प्रत्येकातून आवाज घडवून मूळ आवाजाशी ताडायचा आणि सर्वांत जवळच्याचा क्रमांक पाठवायचा. तेव्हा १ सेकंदाच्या बोलण्याला क्रे-१ महासंगणकाची १०० हून जास्त सेकंदं लागत. तरी कल्पना टिकली. मोबाइलमधले अनेक कोडेक याच घराण्यातले.

म्हणून पेपर वाचताना बिटरेटच्या तक्त्याआधी एक शोधा: या मॉडेलने कुठे जबरदस्तीने ‘हो की नाही’ विचारलंय? संशोधनाचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.