मिनिमलिस्ट शूज घालून धावल्यावर पायाला घट्टे का पडतात? ते घासून काढावेत का?

पायाला घट्टे पडले की अनेकजण आधी वज्री शोधतात. पण पातळ तळाचे शूज घालून धावणाऱ्यांनी घासण्याआधी घट्टे नीट बघायला हवेत. ते तळव्याचं रक्षण करतात आणि धावताना पायावर भार कुठे येतोय, याची खूणही देतात.

मिनिमलिस्ट शूज म्हणजे काय?

नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाचेखाली जाड फोम असतो. त्यामुळे टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच राहते. मिनिमलिस्ट शूजचा तळ पातळ आणि सहज वाकणारा असतो. टाच आणि चवडा जवळपास एकाच पातळीवर असतात आणि बोटांना पसरायला जागा मिळते.

२००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आलं. पातळ सँडल घालून लांब अंतरं धावणाऱ्या मेक्सिकोतल्या ताराहुमारा लोकांबद्दल त्यात लिहिलं होतं. त्यानंतर या शूजची लाटच आली. आपल्याकडे मिलिंद सोमणमुळे अनवाणी धावण्याची चर्चा घरोघरी पोहोचली.

टाच आधी की चवडा?

हार्वर्ड विद्यापीठातले डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. शूज घालून धावणारे बहुतेकजण आधी टाच टेकवतात, तर अनवाणी धावायची सवय असलेले बऱ्याचदा चवडा आधी टेकवतात, असं त्यात दिसलं. टाच आपटली की जमिनीकडून एकदम धक्का बसतो. चवड्यावर उतरल्यास तो झटका खूप कमी होतो.

पण भार गायब होत नाही, त्याची जागा बदलते. गुडघ्यावरचा ताण कमी होतो, तर पोटरी, घोटा आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनवरचा ताण वाढतो.

घट्टे कशामुळे पडतात?

एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब आणि घर्षण झालं की तिथली त्वचा केराटिनचे जास्त थर तयार करते आणि जाड होते. घट्ट्यांमुळे तळवा बधिर होतो, असा समज आहे. २०१९ मध्ये 'नेचर'मध्येच आलेल्या अभ्यासात केनिया आणि अमेरिकेतल्या लोकांचे पाय तपासले गेले. घट्टे जाड असले तरी तळव्याची संवेदना कमी झालेली आढळली नाही. घट्टा कडक असल्यामुळे जमिनीचा स्पर्श आतल्या नसांपर्यंत पोहोचतो. मऊ, जाड तळाच्या शूजमध्ये तसं होत नाही.

घट्ट्याची जागा काय सांगते?

- चवड्यावर सगळीकडे सारखी जाड त्वचा: भार पसरून येतोय. काळजीचं कारण नाही.
- एकाच ठिकाणी कडक गाठ, उदा. दुसऱ्या बोटाच्या मुळाखाली: भार एका हाडावर एकवटत असावा. पायाची ठेवणही याला कारण असू शकते.
- अंगठ्याच्या बाजूला घट्टा: शूज अरुंद असतील, किंवा पाय उचलताना तो जमिनीवर पिळला जात असेल.
- घट्ट्याऐवजी फोड: पाय शूजमध्ये सरकतोय. शूज सैल आहेत का ते बघा. पाय शरीराच्या फार पुढे टाकला तर प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि तळवा घासला जातो.

यावर उपाय म्हणजे पावलं छोटी आणि थोडी जलद टाकणं. पाय शक्यतो शरीराच्या खाली टेकवावा. चवड्यावर उतरल्यावर टाचही हलकेच जमिनीला लागू द्यावी. मुद्दाम बोटांवर धावू नये.

घाई का नको?

त्वचा काही आठवड्यांत जाड होते, पण हाडं आणि टेंडन जुळवून घ्यायला जास्त वेळ घेतात. म्हणूनच तळवा दुखत नाही म्हणून अंतर वाढवणं धोक्याचं ठरतं. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धावपटूंनी १० आठवड्यांत पाच बोटांच्या मिनिमलिस्ट शूजची सवय करून घेतली. एमआरआयमध्ये १९ पैकी १० जणांच्या पायाच्या किमान एका हाडात सूज वाढलेली दिसली.

त्यामुळे सुरुवात या शूजमध्ये चालण्यापासून करावी. मग नेहमीच्या धावण्यातली शेवटची काही मिनिटंच ते घालावेत. पोटरीचं दुखणं पूर्ण थांबल्याशिवाय अंतर वाढवू नये.

घासावं की नाही?

दुखत नसलेला घट्टा तसाच राहू द्यावा. कडा उचलल्या जात असतील किंवा भेगा पडत असतील, तर कोमट पाण्यात पाय भिजवून हलकेच घासावं आणि मॉइश्चरायझर लावावं. ब्लेडने कधीच कापू नये. मधोमध टोचणारी कडक गाठ असेल तर ते कुरूप असू शकतं. ते डॉक्टरांना दाखवावं.

मधुमेह असणाऱ्यांनी तर घरच्या घरी काहीच करू नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर घट्ट्याखाली जखम होऊनही कळत नाही, आणि ती चिघळू शकते. त्यांनी हे शूज घेण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. हाडावर एका बिंदूत दुखत असेल, चालतानाही कळ येत असेल किंवा सूज असेल, तर कोणीही धावणं थांबवून तपासणी करून घ्यावी.