रुग्णवाहिका : दयाधर्माकडून नागरी कर्तव्याकडे

परमुलुखात संसार थाटलेल्या कुटुंबात रात्री-अपरात्री कोणी अत्यवस्थ झाले, म्हणजे गावाकडील भाऊबंदांची उणीव प्रकर्षाने जाणवते. अशा वेळी आधार उरतो तो सार्वजनिक व्यवस्थेचाच. ती व्यवस्था कोणी उभारावी व तिचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे.

रुग्णवाहिकेचा उगम रणांगणावरचा. फ्रेंच सैन्यातील शल्यवैद्य डोमिनिक लारे याने अठराव्या शतकाच्या अखेरीस, लढाई चालू असतानाच घोड्यांच्या हलक्या गाड्यांतून जखमींना हलविण्याची प्रथा पाडली. पुढे शहरांनी ती उचलली.

लंडनचे उदाहरण विशेष बोलके आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्डाने १८८० नंतर देवी व तापाच्या रुग्णांसाठी गाड्या ठेवल्या. हेतू भूतदयेइतकाच सावधगिरीचा होता. संसर्गी रोगी भाड्याच्या बग्गीतून गेला, तर पुढच्या उतारूस रोग जडण्याचे भय होते. परिणामी साथीच्या रुग्णास गाडी मिळे. रस्त्यात पाय मोडलेल्यास मात्र पोलिसांची हातगाडी किंवा एखादी भाड्याची गाडी यांवर विसंबावे लागे. अपघातग्रस्तांसाठी सेवा काढण्याचा अधिकार लंडन कौंटी कौन्सिलला १९०९ च्या कायद्याने मिळाला. सेवा सुरू झाली ती १९१५ मध्ये! पुढे ५ जुलै १९४८ पासून इंग्लंडमधील कौंटी व मोठ्या नगरांच्या कौन्सिलांवर रुग्णवाहिका पुरविण्याचे बंधन आले व रुग्णाकडून भाडे घेणे थांबले. १९७४ मध्ये हे काम राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे गेले.

अमेरिकेतील अनेक गावांत हे काम दीर्घकाळ अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक करीत, कारण माणसाला आडवे निजवून नेण्याजोगी गाडी त्यांच्याचजवळ असे. यातील विपरीतपणा सांगावयास नको.

आपल्याकडे सेंट जॉन अँब्युलन्ससारख्या संस्थांनी व धर्मादाय मंडळांनी हा भार बराच काळ वाहिला. दिल्लीत १९९१ मध्ये 'कॅट्स' ही शासकीय सेवा आली. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत '१०८' क्रमांकाची विनामूल्य सेवा सुरू झाली. पैसा मुख्यतः राज्याचा, चालविणारी संस्था बाहेरची, ही तिची घडण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी तीच वाट धरली.

या साऱ्यातून आम्हांस एक बोध होतो. गाडी दानात मिळते; चालकाचा व परिचारकाचा दरमहाचा पगार, इंधन व रात्रपाळी दानात मिळत नाहीत. पुष्कळ चांगले उपक्रम येथेच अडखळतात. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमनाचा स्पष्ट उल्लेख आहे, रुग्णवाहिकेचा नाही. 'सार्वजनिक आरोग्य' या व्यापक शब्दांत ती सामावून घ्यावी लागते. आग विझविण्यास आलेला बंब दारातच भाड्याची बोली करीत नाही, कारण त्याचा खर्च साऱ्या गावाने आधीच उचललेला असतो. हाच न्याय रुग्णवाहिकेस लागू व्हावा. एकट्या लहान नगरपालिकेस हे झेपत नसेल, तर शेजारच्या दोन-तीन नगरपालिकांनी मिळून एक गाडी ठेवावी, ती अग्निशमन केंद्रातच उभी राहावी व तिच्यासाठी अंदाजपत्रकात निश्चित रक्कम असावी.

आमच्या मंडळांनी वर्गणीतून गाडी जरूर द्यावी. परंतु ती अखंड चालत राहील, असा आग्रह नगरपालिकेपाशी धरणे हेही समाजकार्यच होय.